देवाला ते दिवाळं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की सोसायटीच्या हिशेबांचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहावा. खजिनदार म्हणून सहा वर्षं काढली, तेवढं साहित्य जवळ आहे. सौ. म्हणाली, "ते कोणी वाचणार नाही." तिचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून हिशेबाचीच, पण दुसरी एक गोष्ट सांगतो. ती सोन्याच्या खाणींची आहे, म्हणजे निदान पहिलं पान तरी वाचलं जाईल.

आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची म्हैसूर-उटी-वायनाड सहल अनेकांना आठवत असेल. उटीहून गुडलूरला उतरून आम्ही सुलतान बत्तेरीकडे निघालो होतो. वाटेत देवाला नावाच्या गावात चहाला थांबलो. पाटी वाचून आमच्यातल्या एकाने लगेच "देवाला की दिवाळं?" असा विनोद केला आणि सगळे हसले. चहावाल्याला थोडंफार हिंदी येत होतं. समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "उधर सोना है. अंग्रेज लोग खोदा. सब छोड के गया." बसमध्ये परत बसताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. सोनं आहे, तर सोडून का गेले? आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासलेल्या माणसाला असा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. घरी आल्यावर मिळेल ते वाचलं. चहावाल्याचा विनोद आणि आमच्या मित्राचा विनोद, दोन्ही खरे निघाले.

हा भाग वायनाडचा आग्नेय कोपरा. पूर्वी तो मलबार जिल्ह्यात होता, १८७७ मध्ये नीलगिरी जिल्ह्याला जोडला गेला. आज तो तामिळनाडूत आहे. इथल्या ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात ही गोष्ट स्थानिक लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पावसाळ्यानंतर लाकडी परातीत वाळू घोळवून ते कण वेगळे करायचे. डोंगरांत गारगोटीच्या शिरा आहेत, त्यांच्यावर जुने खड्डे आणि बोगदेही होते. हे काम कुरुंबर आणि पणियर या आदिवासींचं. पणियर तर जमीनदारांकडे वेठबिगारासारखे बांधलेले. त्यांच्या दिवसभराच्या मजुरीला किंमत नव्हती, म्हणून थोडं सोनं मिळालं तरी जमीनदाराला ते परवडायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंग्रज तिथे आले ते कॉफीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वायनाडात कॉफीचे मळे उभे राहिले. पण खोडकिडा लागला आणि १८७० च्या दशकात पानांवरचा तांबेरा आला. याच रोगाने शेजारच्या सिलोनमधली कॉफी संपवली. वायनाडच्या मळेवाल्यांच्या हातात कर्ज आणि ओसाड जमिनी उरल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर तारण बुडीत निघालं होतं. अशा वेळी त्याच जमिनीखाली सोनं आहे असं कोणी सांगितलं, तर मळेवाल्याला ते किती गोड वाटेल याचा विचार करा.

१८७४ मध्ये देवाल्याजवळ अल्फा गोल्ड कंपनी नावाची एक लहान कंपनी निघाली. तिला यश आलं नाही. त्याच सुमारास भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे विल्यम किंग यांनी या भागाची पाहणी केली आणि १८७५ मध्ये अहवाल दिला. गारगोटीच्या शिरांमध्ये सोनं आहे, असं त्यांनी नोंदवलं. अहवाल संयत होता. संयत अहवालावर कोणी शेअर घेत नाही.

मग आले रॉबर्ट ब्रफ स्मिथ. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत त्यांनी खाण खात्याचे सचिव म्हणून काम केलं होतं. व्हिक्टोरिया म्हणजे त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या सोन्याच्या क्षेत्रांपैकी एक. तिथल्या सोन्याच्या खाणींवर त्यांचा १८६९ सालचा जाडजूड ग्रंथ होता. आता या नाण्याची दुसरी बाजू. हाताखालच्या लोकांना दिलेल्या वागणुकीबद्दल तिथे चौकशी झाली होती आणि १८७६ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं होतं. पण ही गोष्ट लंडनच्या गुंतवणूकदाराला कशी कळणार? त्याच्यापुढे फक्त पदवी आणि ग्रंथ. सरकारने १८७९ मध्ये स्मिथना वायनाडची पाहणी करायला बोलावलं. त्यांचा अहवाल आशादायक होता. शिरा पुष्कळ आहेत, सोनं आहे, भांडवल आणि यंत्रं आणली तर हा उद्योग चालेल, असा त्याचा सूर.

आणि लंडनमध्ये आग लागली. १८८०-८१ या दोन वर्षांत वायनाडच्या सोन्यासाठी एक्केचाळीस इंग्रज कंपन्या निघाल्या. त्यांचं एकूण भांडवल पन्नास लाख पौंडांच्या घरात होतं. एक्केचाळीस! आणि कुठे? तर आपली बस तासाभरात ओलांडून गेली तेवढ्याशा मुलखात. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकांचा साचा एकच. सुरुवातीला तज्ज्ञाच्या अहवालातले निवडक उतारे, मग जमिनीचं वर्णन, मग नफ्याचा अंदाज. जमिनी कुठल्या? त्याच, तांबेऱ्याने मेलेल्या कॉफीच्या. ज्या जमिनीला काल गिऱ्हाईक नव्हतं, ती आज सोन्याची जमीन म्हणून एकराला शेकडो पौंडांनी विकली जाऊ लागली. जनतेकडून गोळा झालेल्या भांडवलाचा फार मोठा हिस्सा खाणीत गेलाच नाही. तो जमीन विकणाऱ्यांच्या आणि कंपनी काढून देणाऱ्यांच्या खिशात गेला. म्हणजे खाणीतून पहिला दगड निघण्याच्या आत ज्यांना कमवायचं होतं त्यांनी कमवून घेतलं होतं.

पंदलूरला बंगले उठले, टपाल कचेरी आली, दुकानं आली. दगड कुटायची अवजड यंत्रं जहाजाने मलबारच्या किनाऱ्यावर उतरवून घाटाने वर आणायची, आणि पाऊस तर तुम्ही पाहिलेलाच आहे. आपली छत्री त्या डिसेंबरातसुद्धा वाळली नव्हती. शिरेत किती सोनं आहे हे नीट खणून पाहण्याआधीच यंत्रांच्या ऑर्डरी गेल्या होत्या.

आता प्रत्यक्ष काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे घोटाळा कुठे झाला ते कळेल. गारगोटी फोडून गिरणीत आणायची. तिथे मुसळासारखे लोखंडी ठोकळे वरखाली होतात आणि दगडाचं पीठ करतात. ते पीठ पाण्याबरोबर तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचं. पत्र्यांना पारा लावलेला असतो. सोन्याचा कण पाऱ्याला चिकटतो, बाकीचं वाहून जातं. मग पारा उडवून सोनं वेगळं करायचं. पृष्ठभागाजवळच्या दगडात ही युक्ती बऱ्यापैकी चालते, कारण ऊन-पावसाने हजारो वर्षं झिजलेल्या त्या दगडात सोनं मोकळं झालेलं असतं. नमुने घेतले जातात तेही बहुधा वरचेच. पण खाली गेलं की सोनं गंधक आणि लोखंडाच्या पिवळ्या खनिजात अडकलेलं असतं. ते पाऱ्याला चिकटत नाही, सरळ वाहून जातं. असं सोनं सोडवून घेण्याची सायनाइडची पद्धत स्कॉटलंडमध्ये निघाली ती १८८७ मध्ये. तोवर वायनाडचा खेळ जवळजवळ आटोपला होता.

आणि मुळात होतं किती? सोनं पेनीवेटमध्ये मोजत. एक पेनीवेट म्हणजे साधारण दीड ग्रॅम, आणि वीस पेनीवेटचा एक औंस. त्या वेळी औंसाला सव्वाचार पौंडांच्या आसपास भाव होता. ब्रिटनचं चलनच सोन्याला बांधलेलं, त्यामुळे तो हलत नसे. म्हणजे "आज नाही तर उद्या भाव वाढेल, मग परवडेल" ही आपल्याकडची आशासुद्धा तिथे नव्हती. एक टन दगडातून चार पेनीवेट सोनं निघालं, तर मिळणार सतरा शिलिंग. त्यात तो टन दगड खणायचा, वाहायचा, कुटायचा, मजुरी द्यायची, कोळसा किंवा पाण्याची सोय करायची, इंग्रज व्यवस्थापकाचा पगार द्यायचा आणि लंडनच्या कचेरीचं भाडं भरायचं. वायनाडच्या गिरण्यांतून जे निघालं ते खर्चालाही पुरलं नाही. पणियर मजुराच्या फुकटच्या घामावर जे जमीनदाराला परवडत होतं, ते पन्नास लाख पौंडांच्या कंपन्यांना परवडलं नाही. डोंगर तोच, सोनंही तेच. खर्चाची बाजू तेवढी बदलली होती आणि ती कोणी मांडूनच पाहिली नव्हती.

१८८२-८३ पर्यंत फुगा फुटला. एकामागून एक कंपन्या गुंडाळल्या गेल्या. शतक संपता संपता भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे हेडन आणि हॅच यांनी पुन्हा एकदा हा सगळा भाग शास्त्रशुद्ध तपासला. १९०१ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. निष्कर्ष असा, की इथे सोनं आहे, पण फायद्यात खणण्याइतकं नाही. हे वाक्य आधी कोणी लिहिलं असतं तर कितीतरी घरं वाचली असती. पण हे वाक्य सांगायला वीस वर्षं आणि लाखो पौंड लागले. स्मिथ बदनाम होऊन ऑस्ट्रेलियाला परतले आणि १८८९ मध्ये वारले. ओसाड जमिनींवर पुढे चहा लागला. ग्लेनरॉक, वेंटवर्थ ही नावं आज आपल्याला चहाच्या मळ्यांच्या पाट्यांवर दिसतात. ती मुळात सोन्याच्या कंपन्यांची नावं.

आता तुम्ही विचाराल, मग कोलारचं काय? कोलार तर यशस्वी झालं. बरोबर, आणि गंमत अशी की कोलारचा हंगामही तोच. म्हैसूर संस्थानातल्या कोलारच्या खाणीचा परवाना मायकेल लॅव्हेल नावाच्या निवृत्त आयरिश सैनिकाने १८७० च्या दशकात मिळवला. तिथली म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी निघाली १८८० मध्येच, वायनाडच्या लाटेत. तीसुद्धा बुडायच्या बेतात होती. शिल्लक राहिलेल्या थोड्या पैशांत आणखी खोल जाऊन पाहायचं ठरलं आणि १८८३ च्या सुमारास कॅप्टन प्लमर यांच्या देखरेखीखाली चॅम्पियन शीर हाती लागली. पुढे ती खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, सुमारे आठशे टन सोनं देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. लोक कोलारचं नाव घेतात. एक्केचाळीस कंपन्यांचं नाव कोणी घेत नाही. लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो, बाकीच्यांचा येत नाही.

इथपर्यंत इतिहास झाला. आता थोडं स्वतःचं. हा भाग लिहावा की नाही याचा मी बराच विचार केला.

१९९० नंतरची वर्षं आठवा. सागवानाच्या बागांच्या योजनांच्या जाहिराती रोज पेपरात असायच्या. आज काही हजार भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या. अशा एका योजनेचं रंगीत माहितीपत्रक माझ्या टेबलावर आलं. गुळगुळीत कागद, रांगेत उभी सागाची रोपं आणि एका निवृत्त वनाधिकाऱ्याचं पत्र. कंपनीचं नाव देत नाही, ती आता अस्तित्वातही नाही. मी वीस हजार भरले. बँकेत ज्या प्रस्तावाला मी दहा प्रश्न विचारले असते, त्याला स्वतःच्या पैशाच्या वेळी एकही विचारला नाही. हेक्टरी किती झाडं जगतात? राखण कोण करणार? जमीन कोणाच्या नावावर? काही नाही.

माझे वीस हजार गेले, त्याचं मला आज वाईट वाटत नाही. पण आमच्या शाखेत एक दफ्तरी होते. कमी बोलणारे, हातातलं काम कधी उद्यावर न टाकणारे. एक दिवस त्यांनी ते माहितीपत्रक माझ्या टेबलावर पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही घातलेत का?" मी म्हणालो, "हो, घातलेत." एवढंच बोलणं झालं. घाला असं मी म्हणालो नाही. पण आठवड्याभराने कळलं की घराचे पत्रे काढून स्लॅब टाकण्यासाठी साठवलेले तीस हजार त्यांनी त्या योजनेत भरले होते. अधिकारी घालतोय म्हणजे त्याने तपासलंच असेल, असा त्यांचा साधा हिशेब. १९९९ मध्ये सेबीने अशा योजनांसाठी नियम आणले, पण तोपर्यंत आमच्या कंपनीच्या कचेरीला कुलूप लागलेलं होतं.

ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी हार घातला, तेव्हा हसून हळूच म्हणाले, "साहेब, आपलं सागवान केवढं झालं असेल हो?" मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. पुढे मी त्यांच्या घरी गेलो, काही रक्कम पाकिटात घालून नेली होती. त्यांनी ती घेतली नाही. "तुमचेपण गेलेच की," म्हणाले. बाहेर पाऊस पडत होता आणि पत्र्यांच्या आवाजात आम्हाला एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. स्लॅब त्यांच्या मुलाने घातला, बऱ्याच वर्षांनी.

म्हणून ब्रफ स्मिथबद्दल वाचताना मला त्यांना सरळ लबाड म्हणवत नाही. ते खोटं बोलले नव्हते. सोनं होतंच. सागही जमिनीत उगवतोच. निव्वळ थाप असली तर चार शहाणी माणसं ओळखतात. फसवतं ते अर्धं खरं, आणि त्याखाली असलेली जाणत्या माणसाची सही. सही करणाऱ्याला वाटतं, मी फक्त माझं मत दिलं. पण ज्याचा त्या सहीवर विश्वास असतो तो आपलं छप्पर त्यावर ठेवतो.

जुन्या सभासदांना आठवत असेल, सोसायटीच्या सुरुवातीच्या वर्षांत सिंकिंग फंड एका पतपेढीत ठेवावा अशी सूचना सर्वसाधारण सभेत आली होती. तिथे व्याज दोन टक्के जास्त होतं. मी विरोध केला आणि कायद्याचं कलम ७० वाचून दाखवलं. सभा लांबली, वडे गार झाले, "बँकवाले काका फार ताणतात" असंही कोणी म्हणालं. त्या पतपेढीचं पुढे बरं झालं की वाईट, हा मुद्दाच नाही. त्या दिवशी आपल्यापैकी कोणीही तिचा ताळेबंद पाहिला नव्हता, हा मुद्दा होता. मी ताणलं, कारण मला पत्र्यांवरच्या पावसाचा आवाज आठवत होता. तेव्हा हे सांगितलं नाही, आज सांगतो.

पुढच्या काही वर्षांत आपल्याही दारात पुनर्विकासाचे रंगीत कागद येतील. मोठी घरं, पोडियम, क्लब हाऊस, सोबत कुणा तज्ज्ञाचा अहवाल. पुनर्विकास वाईट नाही. सोनं असूही शकतं, कोलारही याच जगात झालं. फक्त सभेत हात वर करण्याआधी तीन गोष्टी विचारा. या अहवालाचे पैसे कोणी दिले? खर्चाची बाजू कुठे मांडली आहे? आणि पहिली वीट बसण्याआधी कोण कमावून मोकळं होणार आहे? हे प्रश्न विचारणाऱ्याला ताणणारा म्हटलं जाईल. म्हणू द्यात.

देवाल्याच्या डोंगरात आजही लोक खणतात असं वाचलं. त्या भागात १९६४ च्या करारानंतर श्रीलंकेहून परत आलेली तमिळ कुटुंबं चहाच्या मळ्यांवर वसवली गेली. मळ्यावरच्या मजुरीत भागत नाही म्हणून काहीजण चोरून जुन्या बोगद्यांत उतरतात. बोगदे ढासळून माणसं गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी "इथे सोनं आहे" एवढंच अर्धं वाक्य लिहून ठेवलं. उरलेलं वाक्य त्या बोगद्याच्या तोंडाशी कोणी लावलेलं नाही.

चहावाल्याला मी विचारलं होतं, "तुम कभी गया अंदर?" त्याने मान हलवली आणि पातेल्यात साखर टाकली. "मेरा दुकान है ना, साब," म्हणाला. चहा चांगला होता. आठजणांचे पैसे मी दिले. त्याने सुटे पैसे दोनदा मोजून परत केले.